लुळ्या हाताचे साहाय्यक : हातावर चढवावयाची साधने

हात गेल्याने काय जाते?

सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत माणूस हातांनी किती कामे करतो, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. दात घासणे, सदऱ्याच्या गुंड्या लावणे, भाकरीचा तुकडा मोडणे, पेला उचलणे, कुलूप उघडणे, पुस्तकाचे पान उलटणे, अंगावर बसलेली माशी हाकलणे, ही कामे इतकी सहज होतात की ती कामे आहेत असे वाटतही नाही. परंतु पक्षाघाताने किंवा मानेच्या दुखापतीने हात लुळा पडला, म्हणजे यांतील प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते.

अशा माणसांना सर्वांत अधिक उणीव कशाची भासते? पाहणाऱ्याला वाटते की, चालता येत नाही हेच मोठे दुःख असावे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मज्जारज्जूला इजा झालेल्या ६८१ व्यक्तींना याविषयी विचारण्यात आले. ज्यांचे हात व पाय दोन्ही लुळे पडले होते त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्या व्यक्तींनी, हातांची हालचाल परत मिळाल्यास आपले जीवन सर्वांत अधिक सुधारेल, असे सांगितले. पायांनी चालण्याला पहिले स्थान देणाऱ्यांची संख्या त्याहून पुष्कळच कमी होती. चाकांच्या खुर्चीने पायांची गैरसोय काही अंशी भरून निघते. हाताच्या जागी ठेवता येईल अशी खुर्ची मात्र नाही.

लुळ्या हातावर चढवून त्याच्याकडून काम करवून घेणारी साधने गेल्या सुमारे सत्तर वर्षांत निरनिराळ्या देशांत तयार झाली. त्यांतील काही साधी पट्ट्यांची आहेत, काही वायूच्या दाबावर चालतात, काही विजेवर, आणि काही मेंदूतील संदेश टिपून चालतात. त्यांमागील शास्त्रीय तत्त्वे समजून घेण्यासाठी प्रथम निरोगी हात कसा हलतो ते पाहिले पाहिजे.

हात हलतो कसा?

मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत एका हातात २७ हाडे असतात. ही हाडे ओढणारे बळकट स्नायू मात्र बहुतांशी हातात नसून कोपर व मनगट यांच्या दरम्यान असतात. बोटांमध्ये तर बोटे वळविणारा एकही स्नायू नाही. कठपुतळीचे दोर जसे वरून खाली येतात, तशा या स्नायूंच्या दोरीसारख्या चिवट कंडरा मनगटावरून पुढे जाऊन बोटांच्या हाडांना जोडलेल्या असतात. दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरून मूठ उघडली व मिटली, तर कातडीखाली हे स्नायू फुगताना व सैल पडताना स्पष्ट जाणवतात. तळहातातील लहान स्नायू सुई धरणे किंवा लेखणी चालविणे अशा नाजूक कामांत त्यांना साथ देतात.

स्नायूला आज्ञा मिळते ती मेंदूकडून. उजव्या हाताची आज्ञा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून आणि डाव्या हाताची उजव्या भागातून निघते. ती मज्जारज्जूतून मानेपर्यंत उतरते. तेथे मज्जारज्जूतील दुसऱ्या पेशी ती स्वीकारतात व आपल्या लांबच लांब तंतूंवाटे स्नायूपर्यंत पोहोचवितात. म्हणजे मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू व स्नायू ही एका साखळीची चार कडी होत. यांशिवाय उलट दिशेनेही एक वाहतूक चालू असते. वस्तू गरम आहे की गार, गुळगुळीत आहे की खरखरीत, ती निसटत आहे काय, ही वार्ता बोटांकडून मेंदूकडे सारखी जात असते. पेला न फोडता व न सांडता उचलता येतो तो या दुहेरी वाहतुकीमुळे.

साखळी कोठे तुटली?

लुळे पडलेले सर्व हात बाहेरून सारखेच दिसले, तरी त्यांची कारणे सारखी नसतात. साखळी कोठे तुटली आहे, यावर उपाय अवलंबून राहतो.

अर्धांगवायूत मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते व आज्ञा देणाऱ्या पेशी मरतात. खालची सर्व साखळी शाबूत असते. हुकूम देणारा तेवढा नाहीसा झालेला असतो. झाडावरून पडून, वाहनाच्या अपघाताने किंवा उथळ पाण्यात सूर मारल्याने मानेचा मणका मोडला, तर मेंदू शाबूत राहतो, स्नायूही शाबूत राहतात, परंतु मधली वाट बंद होते. पोलिओच्या रोगात मज्जारज्जूतील ज्या पेशी स्नायूंना आज्ञा पोहोचवितात त्याच मरतात. तेथे स्नायूचा अखेरचा आधारच तुटतो व तो वाळत जातो.

मानेच्या दुखापतीत आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मानेतून मज्जातंतूंच्या ८ जोड्या निघतात. पाचव्या जोडीच्या कार्याने खांदा हलतो व कोपर वाकते. सहावीच्या कार्याने मनगट वर उचलले जाते. बोटे मिटण्याचे काम मुख्यतः आठवीकडे असते. त्यामुळे इजा जितकी खाली, तितकी हालचाल अधिक वाचते. एका मणक्याचे अंतर ते किती! परंतु त्या तेवढ्या अंतरावर माणूस स्वतःच्या हाताने जेवणार की नाही, हे ठरत असते.

मनगटाची युक्ती

सर्वांत साधे साधन ज्या तत्त्वावर उभे आहे ते कोणत्याही विद्यार्थ्याला घरी तपासता येते. कोपर मेजावर टेकवून हात उभा धरावा व बोटे अगदी सैल सोडावीत. मनगट पुढे खाली झुकू दिले की बोटे आपोआप उलगडतात. तेच मनगट मागे वळविले की बोटे आपोआप मिटतात व अंगठा तर्जनीच्या जवळ येतो. बोटे हलविण्याची आज्ञा कोणीही दिलेली नसते. बोटांच्या कंडरा मनगटावरून गेलेल्या असल्यामुळे मनगट वळताच त्या ताणल्या जातात, एवढेच यातील रहस्य आहे.

ज्याच्या मानेतील सहाव्या जोडीपर्यंतचे कार्य वाचले आहे, त्याला मनगट वर उचलता येते, पण बोटे मिटता येत नाहीत. त्याच्या दृष्टीने ही युक्ती लाखमोलाची ठरते. मनगट उचलून तो कागद, चमचा किंवा पोळीचा तुकडा धरू शकतो. म्हणूनच अशा रोग्याच्या बाबतीत उपचारक एक काळजी घेतात. मनगट मागे वळविलेले असताना बोटे ताणून सरळ करावयाची नाहीत, असा त्यांचा कटाक्ष असतो. घरातील माणसे प्रेमापोटी आखडलेली बोटे रोज ओढून सरळ करू लागली, तर कंडरा सैल पडतात आणि जी थोडी पकड उरलेली असते तीही जाते.

ही नैसर्गिक पकड दुबळी असते. तिला बळ देण्याकरिता विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत एक धातूची चौकट प्रचारात आली. कॅलिफोर्नियातील रँचो लॉस अमिगोस या रुग्णालयात अशा साधनांवर पुष्कळ काम झाले. ही चौकट हातावर बांधली म्हणजे मनगटाची उचल एका दांडीमार्फत बोटांपर्यंत पोहोचते आणि तर्जनी व मधले बोट अंगठ्यावर येऊन घट्ट बसतात. तिला वीज लागत नाही, वायू लागत नाही, आणि बिघडली तर कुशल कारागिराला ती दुरुस्त करता येते. आपल्याकडे शारीरिक पुनर्वसनाचे काम करणाऱ्या संस्थांत, उदाहरणार्थ मुंबईस हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय संस्थेत, रोग्याच्या हाताच्या मापाने आधारपट्ट्या म्हणजे स्प्लिंट तयार करण्याची व्यवस्था असते.

वायूवर चालणारा स्नायू

पण ज्याला मनगटही उचलता येत नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर ज्याने शोधले, तो वैद्य नव्हता. जोसेफ मॅकिबेन हा अमेरिकेतील लॉस अ‍ॅलमॉस येथील प्रयोगशाळेत काम करणारा पदार्थविज्ञानवेत्ता होता. १६ जुलै १९४५ रोजी पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली, तेव्हा स्फोटापूर्वीची शेवटची स्वयंचलित क्रमयंत्रणा सुरू करण्याचे काम त्याच्याकडे होते. पुढे १९५२ साली त्याच्या मुलीला पोलिओ झाला व तिचे हात लुळे पडले. मुलीला लिहिता यावे, वस्तू धरता याव्यात, या तळमळीने त्याने कृत्रिम स्नायू तयार करण्याचे काम हाती घेतले आणि १९५७ च्या सुमारास रँचो लॉस अमिगोस येथील डॉक्टरांच्या साहाय्याने ते सिद्धीस नेले.

या स्नायूची रचना आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. रबराची एक लांबट पिशवी, आणि तिच्याभोवती तिरप्या धाग्यांनी विणलेली जाळीची नळी, बस्स. विणलेली पोकळ नाडी दोन्ही टोकांना धरून ओढली तर ती लांब व बारीक होते. तिच्यात पेन्सिल खुपसून ती रुंद केली तर तिची लांबी कमी होते. मॅकिबेनच्या स्नायूत पेन्सिलीचे काम वायू करतो. नळकांड्यातील दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड पिशवीत सोडला की ती फुगते, जाळी रुंदावते, आणि लांबी कमी झाल्यामुळे टोकाला बांधलेली दोरी ओढली जाते. वायू सोडून दिला की स्नायू पुन्हा सैल पडतो. जाळीचे धागे व नळीची मध्यरेषा यांमधील कोन वाढत वाढत सुमारे ५४.७ अंश झाला, की आकुंचन थांबते. त्यापलीकडे कितीही वायू भरला तरी स्नायू आखडत नाही. खऱ्या स्नायूप्रमाणे हाही ओढू शकतो, ढकलू शकत नाही.

पोलिओच्या रोग्याला बाहेरून स्नायू का द्यावा लागला, हे वर दिलेल्या साखळीवरून उघड होईल. त्याचे स्वतःचे स्नायू आज्ञेला मुकलेलेच नव्हे, तर निकामी झालेले होते. नळकांडे बरोबर वागवावे लागे, वायू संपे, झडपा काळजीने सांभाळाव्या लागत. त्यामुळे विजेच्या लहान मोटारी आल्यावर हा स्नायू मागे पडला. तथापि त्यामागील कल्पना मेली नाही. धातूच्या कठीण सांगाड्यापेक्षा मऊ, लवचिक साधन हाताला अधिक मानवते, हे ध्यानात आल्यावर एकविसाव्या शतकात संशोधक पुन्हा तिच्याकडे वळले. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली वर्णन केलेल्या हातमोज्यात प्रत्येक बोटाच्या पाठीवर धाग्यांनी वेढलेली रबरी नळी आहे. कमरेच्या पट्ट्यातील पंप तिच्यात पाणी दाबतो, नळी कमानीसारखी वाकते व तिच्याबरोबर बोटही वाकते. दक्षिण कोरियात सोल येथील संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. त्यांच्या हातमोज्यात कंडरांसारख्या बारीक तारा ओवलेल्या असून त्या मोटारीने ओढल्या जातात.

विजेने हालणारा स्वतःचाच स्नायू

मानेच्या दुखापतीत किंवा अर्धांगवायूत रोग्याचा स्नायू जिवंत असतो. मग बाहेरचा स्नायू कशाला? त्याच्याच स्नायूला बाहेरून आज्ञा का देऊ नये? या विचाराचे मूळ फार जुने आहे. इटलीतील लुईजी गॅल्वानी याने मेलेल्या बेडकाचा पाय विजेने झटकतो हे दाखवून आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले. परंतु झटका देणे निराळे आणि उपयुक्त हालचाल घडविणे निराळे. १९६१ साली व्लादिमीर लिबरसन याने अर्धांगवायू झालेल्या माणसाच्या पायासाठी एक यंत्र वर्णिले. टाच उचलताच बुटातील कळ दाबाबाहेर येई, पायाच्या मज्जातंतूला विजेचे ठोके मिळत आणि लोंबणारे पाऊल वर उचलले जाई. दोनच वर्षांनी, १९६३ साली, अमेरिकेतच चार्ल्स लाँग व त्याचा सहकारी यांनी हाताकरिता विद्युत्प्रवाह व स्प्लिंट यांची सांगड घातली.

अशा यंत्रांत कातडीवर चिकटविलेल्या इलेक्ट्रोडमधून विजेचे अतिशय अल्पकालीन ठोके देतात. एक ठोका सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागाएवढाच टिकतो आणि दर सेकंदास साधारणपणे २० ते ५० ठोके दिले जातात. ठोके विरळ असले तर स्नायू थरथरतो. पुरेसे दाट झाले की तो एकसंध आकुंचन पावतो. येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. हा प्रवाह स्नायूला स्वतः फारसा चेतवीत नाही. तो स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला चेतवितो. म्हणून पोलिओसारख्या रोगात, जेथे तो तंतूच मेलेला असतो, हे यंत्र निरुपयोगी ठरते. एकाला जे संजीवनीसारखे वाटते ते दुसऱ्याच्या काहीच कामाचे नसते, त्याचे कारण हे.

या पद्धतीचा दुसरा दोष म्हणजे थकवा. पालखीचे भोई आळीपाळीने खांदा देतात म्हणून पालखी दूरवर जाते. नैसर्गिक हालचालीत स्नायूतील तंतूंचे गट असेच पाळीपाळीने काम करतात. यंत्राचा प्रवाह मात्र त्याच त्या गटांना एकाच वेळी जुंपतो, आणि स्नायू लवकर दमतो.

इस्रायलमध्ये तयार झालेल्या हँडमास्टर या साधनात मनगट सावरणाऱ्या स्प्लिंटमध्येच ५ इलेक्ट्रोड बसविलेले असतात. त्यामुळे प्रत्येक वेळी जागा शोधत बसावे लागत नाही. स्प्लिंट चढविला की इलेक्ट्रोड नेमक्या ठिकाणी टेकतात. क्लीव्हलंड येथील हंटर पेकहॅम व त्याचे सहकारी याहून पुढे गेले. १९८६ साली त्यांनी प्रथमच इलेक्ट्रोड कातडीखाली कायमचे बसविले. दुसऱ्या बाजूचा खांदा थोडा हलविला की अंगावर बसविलेल्या नियंत्रकामार्फत आज्ञा जाई आणि लुळा हात उघडे किंवा मिटे. १९९७ साली या साधनाला अमेरिकन शासनाची मान्यता मिळाली व जगभर दोनशेहून अधिक व्यक्तींना ते बसविण्यात आले. पुढे २००१ साली उत्पादक कंपनीने त्याची विक्री बंद केली. साधन उपयोगी होते. परंतु ते घेणारे थोडे आणि करण्याचा खर्च मोठा, हे गणित जुळले नाही. ज्यांच्या शरीरात ते होते त्यांच्यापुढे मात्र सुट्या भागांचा व दुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला.

मेंदूतील आज्ञा टिपणे

खांदा हलवून हात मिटणे ही अखेर आडवाट होय. हात मिटण्याची इच्छा मेंदूत उमटलेली असतेच. तीच टिपून स्नायूकडे नेता आली तर? ओहायो राज्यातील संशोधकांनी हा प्रयत्न केला. इयान बर्कहार्ट या तरुणाची मान २०१० साली समुद्राच्या लाटेत सूर मारताना मोडली होती. त्या वेळी त्याचे वय १९ वर्षांचे होते. २०१४ साली त्याच्या मेंदूतील हालचालीच्या भागात ९६ सूक्ष्म इलेक्ट्रोड असलेली, सुमारे ४ मिलिमीटर लांबरुंद चकती बसविण्यात आली. मेंदूतील विद्युत्-संदेश तारेने संगणकाकडे जात. संगणक त्यांतून कोणती हालचाल अभिप्रेत आहे हे ओळखी आणि कोपराखाली गुंडाळलेल्या बाहीतील इलेक्ट्रोडना त्याप्रमाणे प्रवाह सोडी. मोडलेल्या मज्जारज्जूला वळसा घालून आज्ञा स्नायूपर्यंत पोहोचत असे.

पंधरा महिने, आठवड्यातून तीन वेळांपर्यंत, हा सराव चालला. २०१६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार त्याला मनगट व हात यांच्या ६ निरनिराळ्या हालचाली साधल्या. बाटली धरून तो ती बरणीत ओतू शकला, बारीक काडी उचलून ढवळू शकला. २०२० साली याच संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखविली. त्याला हाताला झालेला स्पर्श जाणवत नसला, तरी त्याचा क्षीण संदेश मेंदूपर्यंत येत होता. तो टिपून दंडावरील पट्ट्याच्या कंपनाने त्याला कळविला, की न पाहताही वस्तू हाती आली हे त्याला समजे.

हे यश लहान नव्हे, पण त्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. हे सारे प्रयोगशाळेत, तारांनी संगणकाला जोडलेले असतानाच शक्य होते. घरी हात पूर्ववत लुळाच असे. पुढे डोक्यावरील जोडणीभोवती संसर्ग झाल्यामुळे २०२१ साली ती चकती काढून टाकावी लागली. बर्कहार्टने त्यानंतरही अशा प्रयोगांत भाग घेणाऱ्यांची संघटना चालविली. यंत्र कसे असावे हे ठरविताना ते वापरणाराचे मत घेतले पाहिजे, असा तिचा आग्रह आहे.

अर्धांगवायू आणि सराव

अर्धांगवायूची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे मेंदूचा एक भाग मेला, तरी उरलेला भाग शिकू शकतो. पुन्हा पुन्हा केलेल्या हालचालीने नव्या वाटा पडतात. याचे एक ठळक उदाहरण म्हणजे एडवर्ड टाउब याने पुरस्कारिलेली पद्धत. तिच्यात हातमोजा घालावयाचा तो लुळ्या हातावर नव्हे, तर चांगल्या हातावर! चांगला हात जागेपणीच्या बहुतेक वेळात असा बांधून ठेवला, म्हणजे दुबळ्या हाताला काम करावेच लागते. टाउबने माकडांवरील प्रयोगांत पाहिले होते की, आरंभीच्या अपयशामुळे प्राणी दुबळा हात वापरावयाचाच सोडून देतो, आणि ही सवय पुढे हालचाल शक्य असतानाही टिकते. २०० हून अधिक, नेमके २२२, रोग्यांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांच्या अशा उपचाराचा लाभ वर्षभरानंतरही दिसून आला. मात्र ज्यांना मनगट व बोटे थोडी तरी उचलता येत होती अशांनाच या चाचणीत घेतले होते.

ज्यांना तेवढेही येत नाही त्यांच्याकरिता यांत्रिक सांगाडे आहेत. रोग्याने हात हलविण्याचा प्रयत्न केला की स्नायूत अतिशय क्षीण विद्युत्-संदेश उमटतो. यंत्र तो टिपते व उरलेली हालचाल पुरी करते. दिल्लीची आयआयटी व तेथील एम्स यांनी मिळून केलेल्या अशा सांगाड्याची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २३ रोगी होते. मनगट मागे वळताना बोटे मिटतात व पुढे झुकताना उघडतात, ही वर सांगितलेली नैसर्गिक सांगड या यंत्रातही राखलेली आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी तयार केलेले प्लूटो हे यंत्र अंगावर घालावयाचे नसून मेजावर ठेवावयाचे आहे. पण लहान असल्याने ते घरीही नेता येते.

अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळालेले इप्सीहँड हे साधन मेंदूवर शस्त्रक्रिया न करता त्यातील संदेश वाचते. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालावयाची आणि हातावर मोटारीचा स्प्लिंट. मेंदूच्या निरोगी अर्ध्या भागातही त्याच बाजूच्या हाताच्या हालचालीचे अंधुक संदेश असतात, या शोधावर ते आधारलेले आहे. मान्यतेपूर्वीच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत ४० रोग्यांना काही ना काही सुधारणा झाली. तथापि आपणांस कोणता उपचार मिळत आहे हे त्या चाचणीत सर्वांनाच ठाऊक होते, हेही नमूद केले पाहिजे.

मानेवरील इलेक्ट्रोड

मज्जारज्जूला झालेली इजा पुष्कळदा अपुरी असते. काही तंतू वाचलेले असतात, पण त्यांचा संदेश खालच्या पेशींना जागे करण्यास पुरा पडत नाही. मानेच्या कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून मज्जारज्जूला सौम्य प्रवाह दिला, तर त्या पेशी क्षीण संदेशालाही प्रतिसाद देऊ लागतात. हा प्रवाह स्वतः हात हलवीत नाही. हलविण्याचा प्रयत्न रोग्यानेच करावयाचा असतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व नेदर्लंड्स येथील १४ केंद्रांत ६० व्यक्तींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. प्रथम दोन महिने नुसता व्यायाम, नंतर दोन महिने व्यायाम व प्रवाह, असा तिचा क्रम होता. ७२ टक्के व्यक्तींच्या हाताचे बळ व उपयोग या दोहोंत सुधारणा आढळली. त्यांच्यात इजा होऊन कित्येक वर्षे लोटलेल्या व्यक्तीही होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन शासनाने या साधनाला परवानगी दिली.

साधनाची पारख

वरील कोणत्याही साधनाने हात पूर्वीसारखा होत नाही. सतार वाजविणे किंवा सुईत दोरा ओवणे यांना लागणारे कौशल्य त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून साधन पारखताना ते किती नवलाचे आहे हे न पाहता, कोणते काम त्याने होते हे पाहावे. ते चढविण्यास दुसऱ्या माणसाची मदत लागते काय? एका हाताने ते घालता-काढता येते काय? आपल्या उष्ण हवेत घामाने त्याखालची कातडी सोलवटते काय? ज्या हाताला स्पर्शच कळत नाही, त्यावर घट्ट पट्टा रुतून जखम झाली तरी रोग्याला ती जाणवत नाही. तेव्हा साधन काढल्यावर रोज कातडी डोळ्यांनी तपासलीच पाहिजे. ते बिघडल्यास दुरुस्त कोण करील, आणि विकणाऱ्याने दुकान बंद केले तर पुढे काय, हेही आधीच विचारून ठेवावे. कोणते साधन योग्य हे ठरविण्याचा अधिकार तपासणी केलेल्या डॉक्टरांचा व उपचारकांचा. पण ते कशाकरिता हवे, हे सांगण्याचा अधिकार रोग्याचाच.

एखाद्याला सही करावयाची असते, एखादीला मुलाची वेणी घालावयाची असते, एखाद्याला चहाचा पेला स्वतः तोंडाशी नेता आला तरी पुरे वाटते. धातूच्या चौकटीपासून मेंदूतील चकतीपर्यंतची ही सारी वाटचाल अशाच लहान लहान कामांसाठी झालेली आहे. साखळीचे कोणते कडे तुटले आणि कोणते वाचले हे ओळखून, वाचलेल्या कड्यापासून कामाला आरंभ करणे, हे तत्त्व मात्र तिच्यात पहिल्यापासून आजपर्यंत एकच राहिले आहे.